यादवी युद्धातलं विल्मिंग्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅली, कॅरी, शार्लट या भागात मराठी घरं बरीच आहेत, आणि सुट्टीत समुद्र बघायला निघालेली गाडी पुष्कळदा विल्मिंग्टनलाच पोचते. नदीकाठ, जुने वाडे, किल्ल्याची पाटी पाहून आलेली मंडळी मग अमेरिकन यादवी युद्धाबद्दल प्रश्न पाठवतात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात संघराज्यातून फुटलेली दक्षिणेची गुलामगिरीची राज्यं (कॉन्फेडरेट) आणि उत्तरेचं संघराज्य यांच्यात झालेल्या युद्धाबद्दल. काही प्रश्न मुंबई-पुण्याहून येतात, कापसाच्या इतिहासाचा माग काढणाऱ्यांचे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे अगदी प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. ज्याचं उत्तर दुसरीकडे आहे तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

या शहराबद्दल बहुतेक ठिकाणी धाडसी कप्तान आणि वेगवान जहाजं यांच्याच कथा सांगितल्या जातात. त्या खोट्या नाहीत. पण ते शहर ज्यांच्या हातांवर उभं होतं, ते गवंडी, हमाल, मीठ करणारे, नदीमुखात जहाजांना वाट दाखवणारे पायलट, त्या कथांत सापडत नाहीत. म्हणून इथे जास्त जागा त्यांना दिली आहे.

१. हे विल्मिंग्टन नेमकं कुठलं? डेलावेअरमधलं का?

नाही. हे नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं, केप फिअर नदीवरचं विल्मिंग्टन. रॅलीहून आय-४० ने निघालात तर दोन तासांत रस्ता संपतो तो याच शहरात. बंदर असलं तरी ते समुद्राला लागून नाही. नदीच्या मुखापासून साधारण ४५ किलोमीटर आत आहे, आणि पुढे आलेलं सगळं या अंतरामुळेच घडलं. १८६० च्या जनगणनेत इथली वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास होती, तरी नॉर्थ कॅरोलायनातलं सगळ्यात मोठं शहर हेच. वस्तीतले जवळपास निम्मे लोक कृष्णवर्णीय होते. त्यातले बहुसंख्य गुलामगिरीत, थोडे स्वतंत्र.

२. एवढंसं शहर युद्धात इतकं महत्त्वाचं कसं ठरलं?

युद्धाआधी इथून जायचं ते मुख्यतः पाइनच्या जंगलातलं उत्पादन: टर्पेंटाइन, राळ, डांबर. लाकडी जहाजांच्या काळात या मालाला जगभर मागणी होती. पण युद्धात शहराचं नशीब बदललं ते दोन गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट नदीच्या मुखाची. केप फिअरला तेव्हा दोन मुखं होती. जुनं मुख, म्हणजे ओल्ड इनलेट, फोर्ट कॅसवेलच्या माऱ्यात होतं. दुसरं, न्यू इनलेट, १७६१ च्या एका चक्रीवादळात वाळू फोडून तयार झालेलं. त्यावर फोर्ट फिशरचा पहारा. दोन्हींच्या मधोमध स्मिथ आयलंड, आणि बेटाच्या टोकापासून खोल समुद्रात ४०-४५ किलोमीटर पसरलेले फ्राइंग पॅन शोल्स हे वाळूचे उथळ दांडे. मुखं एकमेकांच्या जवळ असली तरी दांड्यांना वळसा घालायचा म्हणजे उत्तरेच्या नौदलाला ८० किलोमीटरच्या कमानीवर नजर ठेवावी लागे. किल्ल्यांच्या तोफांमुळे किनाऱ्याजवळ येता येत नसे ते वेगळंच.

दुसरी गोष्ट रेल्वे. विल्मिंग्टन ते वेल्डन हा साधारण २६० किलोमीटरचा मार्ग १८४० मध्ये पुरा झाला तेव्हा जगातला सर्वात लांब लोहमार्ग होता. वेल्डनहून पुढे पीटर्सबर्ग आणि दक्षिणेची राजधानी रिचमंड. धक्क्यावर उतरलेली बंदूक आणि खारवलेलं मांस थोड्याच दिवसांत दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांच्या सैन्यात पोचत असे. न्यू ऑर्लिन्स १८६२ मध्ये गेलं, मोबाइलचा उपसागर ऑगस्ट १८६४ मध्ये बंद झाला, चार्ल्सटनवर वेढा आवळत गेला. शेवटी अटलांटिक किनाऱ्यावर बंडखोर राज्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारं मोठं दार हेच उरलं.

३. नाकेबंदी म्हणजे काय, आणि जहाजं ती फोडायची कशी?

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. कापूस बाहेर जाऊ द्यायचा नाही, शस्त्रं आत येऊ द्यायची नाहीत. विल्मिंग्टनसमोर पहिलं गस्ती जहाज त्याच वर्षी जुलैमध्ये उभं राहिलं.

युरोपातून माल मोठ्या जहाजांनी बहामातल्या नासाउला किंवा बर्म्युडाला यायचा. तिथून तो छोट्या, वेगवान आगबोटींत चढवायचा. नासाउ ते विल्मिंग्टन साधारण ९२० किलोमीटर, बर्म्युडाहून थोडं जास्त. दोन-तीन दिवसांचा प्रवास. या बोटी लांबट, बुटक्या, राखाडी रंगाच्या. धुराडं दुमडून खाली घेता येई. धूर कमी करणारा अँथ्रासाइट कोळसा जाळायचा. अमावास्येच्या आसपासची रात्र आणि भरतीची वेळ जुळवायची. दिवे विझवलेले, बोलणं कुजबुजीत. एखादा कोंबडा आरवला तर घात होईल म्हणून जिवंत कोंबड्या बोटीवर घ्यायच्या नाहीत असाही दंडक होता.

शेवटचा टप्पा पायलटच्या हाती. स्मिथव्हिल, म्हणजे आजचं साउथपोर्ट, इथले पायलट पिढ्यान्‌पिढ्या हे दांडे ओळखून होते. वादळागणिक वाळू हलते, त्यामुळे नकाशा कामाचा नसे. शिशाचं वजन बांधलेल्या दोरीने खोली मोजत, फेसाची रेघ आणि किनाऱ्यावरचे दोन सांकेतिक दिवे एका ओळीत धरत बोट आत घ्यायची. कोकणात दांडे ओलांडून होडी खाडीत घेणाऱ्या तांडेलाला हे कौशल्य वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. उत्तरेचं नौदल पकडलेल्या खलाशांपैकी परदेशी माणसांना बहुधा सोडून देई. पायलटला मात्र सोडत नसे. जहाज दुसरं बांधता येतं, तसा पायलट घडवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

४. या धंद्यात पैसा कुणी कमावला?

मुख्यतः ब्रिटिश भांडवलदारांनी, बोटींच्या मालकांनी आणि कप्तानांनी. दक्षिणेत पौंडामागे काही सेंटांना मिळणारा कापूस लिव्हरपूलला त्याच्या कितीतरी पट भावाने जाई. दोन-तीन फेऱ्यांत बोटीची किंमत वसूल होई. तेजीच्या काळात एका फेरीला कप्तानाला ५,००० डॉलर आणि पायलटला ३,५०० डॉलर, तेही सोन्यात, असे दर सांगितले जातात. त्याच वेळी साध्या शिपायाचा महिन्याचा पगार पडत्या किमतीच्या कागदी नोटांत होता.

येणारा सगळा माल युद्धोपयोगी होता हाही गैरसमज आहे. रेशीम, ब्रँडी, अत्तरं यांत नफा जास्त, म्हणून बोटीतली जागा तेच अडवत. सैनिक अनवाणी चालत असताना हे चाललं होतं. अखेर फेब्रुवारी १८६४ मध्ये कॉन्फेडरेट काँग्रेसने चैनीच्या वस्तूंवर बंदी घातली आणि बोटींतली निम्मी जागा सरकारी मालासाठी राखायला लावली. तोपर्यंत तीन वर्षं गेली होती.

नॉर्थ कॅरोलायना राज्याची स्वतःची बोटही होती. गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांनी १८६३ मध्ये घेतलेली ‘ॲडव्हान्स’. राज्यातल्या सैनिकांचे कपडे, घोंगड्या, बूट तिने आणले. सप्टेंबर १८६४ मध्ये ती पकडली गेली. तिचा चांगला कोळसा ‘टॅलाहासी’ या लढाऊ बोटीसाठी काढून घेतला होता. निकृष्ट कोळशाने वेग कमी झाला आणि धुराने ठावठिकाणा दाखवला.

५. ब्रिटन तटस्थ होतं ना? मग ब्रिटिश कप्तान इथे काय करत होते?

सरकार तटस्थ, व्यापारी नाही. ब्रिटिश नौदलातले काही अधिकारीसुद्धा रजा काढून, खोट्या नावाने या बोटी चालवत. पकडले गेल्यास जहाज आणि माल जप्त होई, पण परदेशी नागरिक म्हणून सुटकेची आशा असे. इथल्या पायलटचं तसं नव्हतं (प्रश्न ३).

६. शहरातलं रोजचं जगणं कसं होतं?

महाग आणि असुरक्षित. बोटीतून उतरलेल्या मालाचे लिलाव होत, त्यासाठी राज्याराज्यांतून दलाल येत. खिशात सोनं असलेले खलाशी, सट्टेबाज आणि सुट्टीवरचे शिपाई यांनी नदीकाठ भरून गेला. मारामाऱ्या नित्याच्या झाल्या, तेव्हा ऐपत असलेली कुटुंबं घरं भाड्याने देऊन आतल्या गावांकडे निघून गेली. मागे राहिलेल्यांना पीठ आणि सरपण परवडेना. थालियन हॉल हे १८५८ मध्ये उघडलेलं नाट्यगृह मात्र चालू राहिलं. सैनिक आणि खलाशी तिथे गर्दी करत. ते आजही उभं आहे, प्रयोगही होतात.

७. १८६२ च्या साथीबद्दल ऐकलं होतं. ती काय होती?

पीतज्वर. युद्धातल्या कुठल्याही लढाईपेक्षा शहराच्या जिव्हारी लागलेली गोष्ट. ऑगस्ट १८६२ मध्ये नासाउहून ‘केट’ ही बोट आली आणि तिच्याबरोबर आजारही आला, असं तेव्हापासून मानलं जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात शहर रिकामं झालं. ज्यांना शक्य होतं ते पळाले. दुकानं बंद, वर्तमानपत्रं बंद, गाड्या शहरात थांबेनात. चार्ल्सटनहून डॉक्टर आणि परिचारिका मदतीला आल्या.

हवा दूषित झाल्याने ताप येतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून रस्त्यांवर राळ आणि डांबराची पिंपं पेटवली गेली. शहरावर काळा धूर दाटून राही. डासामुळे हा ताप पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावं लागलं. नोव्हेंबरात थंडी पडली, डास गेले, साथ ओसरली. सुमारे साडेसहाशे माणसं गेली होती. शहर सोडून न गेलेले डॉ. जेम्स डिक्सन आणि सेंट जेम्स चर्चचे रेव्हरंड ड्रेन हेही त्यांत होते.

ओकडेल स्मशानभूमीत गेलात तर एक मोकळा, गवताळ तुकडा दिसेल. आजूबाजूला कोरीव दगडांची दाटी आणि इथे जवळपास काहीच नाही. साथीत गेलेल्या शेकडो लोकांना तिथे पुरलं आहे. पुढे नासाउहून येणाऱ्या बोटींना नदीत क्वारंटाइनमध्ये थांबवू लागले, आणि त्यावरून बोटमालक व लष्करी अधिकारी यांच्यात सतत खटके उडत राहिले.

८. इथले सगळे गोरे लोक बंडाच्या बाजूचे होते का?

नव्हते, निदान सुरुवातीला नाही. फेब्रुवारी १८६१ मध्ये संघराज्यातून फुटण्याचा विचार करायला परिषद बोलवावी का, यावर राज्यात मतदान झालं, आणि जेमतेम साडेसहाशे मतांनी ‘नको’ असा कौल आला. विल्मिंग्टन शहर मात्र उतावीळ होतं. राज्य अजून संघराज्यात असताना, जानेवारी १८६१ मध्येच इथल्या लोकांनी नदीमुखाजवळचे दोन सरकारी किल्ले परस्पर ताब्यात घेतले. गव्हर्नरने कान उपटल्यावर परत केले. एप्रिलमध्ये ते पुन्हा घेतले, या वेळी गव्हर्नरच्याच हुकमाने. राज्य २० मे १८६१ रोजी फुटून निघालं.

विरोध दिसतो तो मिठागरांवर. मांस टिकवायला मीठ हवं, आणि बाहेरचं मीठ नाकेबंदीने अडलेलं. म्हणून शहराजवळच्या खाड्यांच्या काठाने मीठ काढायचे कारखाने उभे राहिले. आपल्याकडे उरण-पेणला ऊन काम करतं. इथे मोठ्या लोखंडी कढयांत समुद्राचं पाणी रात्रंदिवस लाकडाच्या जाळावर आटवत. सरकारी मिठागरावरच्या कामगाराला सैन्यभरतीतून सूट होती, त्यामुळे लढायची इच्छा नसलेले लोक, त्यांत धर्मामुळे युद्धाला नकार देणारे क्वेकर पंथीयही, तिथे आले. दक्षिणेचे इथले सेनाधिकारी जनरल व्हायटिंग यांची तक्रार असायची की हे लोक शत्रूला फितूर आहेत. तिकडे उत्तरेचं नौदल रात्री होड्या पाठवून त्याच कढया फोडून जाई. दोन्हीकडून मार खाणारी ही माणसं युद्धाच्या इतिहासात क्वचितच येतात.

९. फोर्ट फिशर कुणी बांधला?

पाटीवर कर्नल विल्यम लँब यांचं नाव असतं. जुलै १८६२ मध्ये ते आले आणि विखुरलेल्या तोफखान्यांचा त्यांनी प्रचंड किल्ला केला हे खरंच आहे. जमिनीकडची बाजू साधारण पाऊण किलोमीटर, समुद्राकडची दीड किलोमीटरच्या पुढे. दगडविटांच्या भिंती तोफगोळ्यांनी फुटतात, वाळू गोळा गिळून टाकते, हे ओळखून सगळं काम वाळू-मातीचं केलं होतं.

वाळू वाहिली कुणी? सैनिकांनी, आणि त्यांच्याबरोबर शेकडो गुलाम माणसांनी. मळ्यांच्या मालकांकडून ही माणसं सक्तीने मागवली जात. घमेली, फावडी, ढकलगाड्या, वर ऊन आणि खाली डासांचा दलदलीचा प्रदेश.

तिसरा गट फारच थोड्यांना माहीत असतो. रोबसन काउंटीतल्या, आज लंबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूळनिवासी समाजाच्या तरुणांनाही या कामावर जबरदस्तीने नेलं. पुष्कळ जण दलदलीत लपून राहिले. त्यातून संघर्ष पेटला. मार्च १८६५ मध्ये ॲलन लाउरी आणि त्यांचा मुलगा विल्यम यांना घराजवळच गोळ्या घालून मारलं. धाकटा मुलगा हेन्री बेरी लाउरी याने त्यानंतर कित्येक वर्षं सत्ताधाऱ्यांना सळो की पळो केलं. लंबी समाजात त्याचं नाव आजही आदराने घेतात.

१०. गुलामगिरीतून कुणी निसटू शकलं का?

हो, आणि नदीनेच. ज्या वाटेने कापूस बाहेर जाई त्याच वाटेने माणसंही गेली.

विल्यम बी. गुल्ड हा गिलाव्याचं काम करणारा कारागीर, गुलामगिरीत जन्मलेला. मार्केट स्ट्रीटवरच्या बेलामी मॅन्शनच्या छताखालची नक्षीदार प्लास्टरपट्टी ज्यांनी घडवली त्यांत तो होता. २१ सप्टेंबर १८६२ च्या पावसाळी रात्री, शहरात पीतज्वर थैमान घालत असताना, तो आणि आणखी सात जण ऑरेंज स्ट्रीटच्या टोकाला एका होडीत बसले. ४५ किलोमीटर नदी, वाटेत पहारे, पुढे किल्ल्यांच्या तोफा, मग उघडा समुद्र. दुसऱ्या दिवशी ‘केंब्रिज’ या उत्तरेच्या युद्धनौकेने त्यांना वर घेतलं. त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांनी गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. होडीतल्या कुणालाही ते माहीत असणं शक्य नव्हतं.

गुल्ड नौदलात भरती झाला आणि त्याने रोजनिशी लिहिली. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं या राज्यात गुन्हा होता, तरी तो शिकला होता. १८६२ ते १८६५ या काळातली त्याची रोजनिशी टिकली आहे आणि ती छापूनही निघाली आहे. यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय खलाशाच्या अशा रोजनिशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. पुढे तो मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅमला स्थायिक झाला, पुन्हा गिलाव्याच्याच धंद्यात. तिथल्या सेंट मेरीज चर्चचं काम त्याने घेतलं असताना त्याच्या माणसांनी गिलाव्याचं मिश्रण चुकवलं. वरून काही कळत नव्हतं. त्याने सगळं उतरवून स्वतःच्या खर्चाने पुन्हा केलं आणि जवळजवळ कर्जबाजारी झाला. बेलामी मॅन्शनच्या दुरुस्तीत एका प्लास्टरच्या तुकड्याच्या मागच्या बाजूला त्याची आद्याक्षरं सापडली. मालकाच्या दिवाणखान्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी त्याने सही केली होती.

दुसरं नाव एब्राहम गॅलोवे. स्मिथव्हिलला जन्मलेला, विल्मिंग्टनमध्ये गवंडीकाम करणारा. १८५७ मध्ये माल नेणाऱ्या जहाजात लपून तो फिलाडेल्फियाला गेला. युद्धात परत येऊन त्याने उत्तरेसाठी हेरगिरी केली, कृष्णवर्णीयांना सैन्यात भरती केलं, आणि १८६४ मध्ये शिष्टमंडळ घेऊन लिंकनना भेटून मतदानाचा हक्क मागितला. १८६८ मध्ये राज्याच्या सिनेटवर निवडून आला. दोनच वर्षांनी तो वारला तेव्हा विल्मिंग्टनमध्ये अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. या शहरात एकाच माणसाचा पुतळा उभारायचा असेल तर माझ्या मते तो गॅलोवेचा असावा.

११. पण गुलामगिरी १ जानेवारी १८६३ लाच संपली ना?

कागदावर, बंडखोर राज्यांपुरती. त्या दिवशी लिंकन यांचा गुलाममुक्तीचा अंतिम जाहीरनामा निघाला, पण तो लागू व्हायला तिथे उत्तरेचं सैन्य पोचावं लागे. विल्मिंग्टनमध्ये ते २२ फेब्रुवारी १८६५ पर्यंत पोचलं नाही. त्या दोन वर्षांत इथे माणसांची खरेदी-विक्री चालूच होती आणि किल्ल्यावरची सक्तीही. गुल्डसारखे लोक तर जाहीरनाम्याची वाट पाहत बसलेच नव्हते. संपूर्ण देशात बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने.

१२. सोनं अंगावर असल्यामुळे बुडालेली हेर बाई खरी का?

रोझ ओनील ग्रीनहाउ. वॉशिंग्टनमध्ये राहून दक्षिणेसाठी हेरगिरी केलेली, नंतर युरोपात पाठिंबा मिळवायला गेलेली. परतताना १ ऑक्टोबर १८६४ च्या पहाटे तिची ‘काँडोर’ बोट फोर्ट फिशरजवळ वाळूत रुतली. पकडलं जाण्याच्या भीतीने तिने होडीने किनारा गाठायचा हट्ट धरला, होडी उलटली. जवळ सुमारे २,००० डॉलरचं सोनं होतं. ती ओकडेलमध्येच पुरलेली आहे. बोटीवर थांबलेले सगळे वाचले.

१३. दक्षिणेकडे स्वतःच्या युद्धनौका नव्हत्या का?

विल्मिंग्टनमध्येच दोन चिलखती नौका बांधल्या. ‘रॅली’ मे १८६४ मध्ये बाहेर पडून गस्ती जहाजांना पळवून लावून परत येताना दांड्यावर अडकली आणि ओहोटीत स्वतःच्याच वजनाने मोडली. ‘नॉर्थ कॅरोलायना’ला शत्रूने हात लावला नाही. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनी तळ खाल्ला आणि सप्टेंबर १८६४ मध्ये ती नांगरल्या जागी बुडाली.

१४. फोर्ट फिशर पडला कसा?

दुसऱ्या प्रयत्नात. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचे जनरल बटलर यांनी सुमारे २०० टन बंदुकीची दारू भरलेलं ‘लुइझियाना’ हे जहाज किल्ल्याजवळ उडवून दिलं. आवाज मोठा झाला, किल्ल्याचं काही बिघडलं नाही. बटलर यांना घरी पाठवलं.

१३ जानेवारी १८६५ ला ॲडमिरल पोर्टर ५८ जहाजं घेऊन परतले. सोबत जनरल टेरी यांचे आठ हजारांवर सैनिक. अडीच दिवस तोफांचा मारा चालला. १५ तारखेला दुपारी खलाशांची एक तुकडी पुळणीवरून धावली आणि कापली गेली. बचाव करणारे तिकडे गुंतले असताना पायदळ नदीकडच्या बाजूने आत शिरलं. वाळूच्या एकेका टेकाडासाठी हातघाई होत रात्री दहाच्या सुमारास किल्ला पडला. दुसऱ्या सकाळी दारूकोठाराचा स्फोट होऊन दोन्हीकडचे मिळून सुमारे २०० लोक मेले.

नंतरचे काही दिवस किल्ल्यावरचे सांकेतिक दिवे उत्तरेने मुद्दाम चालू ठेवले. ‘स्टॅग’ आणि ‘शार्लट’ या बोटी नेहमीप्रमाणे आत आल्या, नांगर टाकला, आणि पकडल्या गेल्या. विल्मिंग्टन हातचं गेल्यावर तीन महिन्यांच्या आत लीचं सैन्य शरण गेलं.

१५. शहर घेताना कृष्णवर्णीय पलटणी होत्या का?

होत्या. फोर्ट फिशरच्या लढाईत विल्मिंग्टनकडून येणारी दक्षिणेची कुमक अडवून धरायचं काम त्यांचं होतं. पुढे २० आणि २१ फेब्रुवारीला शहराच्या दक्षिणेला फोर्क्स रोडवर त्यांनी तोफांच्या तोंडी हल्ला चढवला. त्यांत पूर्व नॉर्थ कॅरोलायनातल्या मळ्यांवरून पळून जाऊन भरती झालेले लोकही होते. २२ तारखेला शहरात शिरलेल्या सैन्यात ते आपल्या जुन्या मुलुखात गणवेश घालून चालत आले. बराच काळ या लढाईचा फारसा उल्लेखच होत नसे. आता ती जागा कॅमेरॉन आर्ट म्यूझियमच्या आवारात आहे, आणि २०२१ पासून तिथे स्टीफन हेज या कलावंताचं त्या सैनिकांचं शिल्प उभं आहे.

१६. शहर पडल्यावर युद्ध इथलं संपलं?

गोळीबार संपला, मरणं थांबली नाहीत. माघार घेणाऱ्या सैन्याने कापूस, तंबाखू, राळ पेटवून दिली होती. त्या धुरात आठवड्याभरातच दक्षिणेच्या तुरुंगांतून अदलाबदलीत सुटलेले उत्तरेचे हजारो कैदी येऊ लागले. हाडांचे सापळे झालेले, उवांनी भरलेले. त्यांच्याबरोबर टायफस हा उवांमुळे पसरणारा ताप आला आणि रुग्णसेवा करणारेही त्यात गेले. मार्चमध्ये उत्तरेचे जनरल शर्मन यांनी आपल्या सैन्यामागून चालत आलेले निर्वासित, गोरे आणि नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय, फेएटव्हिलहून इकडेच पाठवले. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सेमेटरीत ‘अज्ञात’ एवढंच लिहिलेले दगड रांगेने दिसतात.

१७. मुंबईच्या कापसाच्या तेजीशी या बंदराचा संबंध आहे का?

आहे, पण उलटा. अमेरिकन कापूस अडला म्हणून लँकेशरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. पाच वर्षांत मुंबईत सुमारे आठ कोटी दहा लाख पौंडांचा जादा पैसा आला असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यातून प्रेमचंद रायचंद यांच्या काळातला शेअरचा सट्टा आणि बॅक बेच्या भरावाची कंपनी उभी राहिली. म्हणजे विल्मिंग्टनहून निसटलेली प्रत्येक गाठ मुंबईच्या भावाच्या विरुद्ध जाणारी होती. ती पुरवठ्याच्या मानाने थोडी होती म्हणून मुंबईची तेजी टिकली. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण गेले, ती बातमी पोचल्यावर भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ला मुंबईत पेढ्या बुडाल्या.

दुसरा धागा विचारांचा. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या सदाचारी लोकांना. ती मुक्ती घडवणाऱ्यांत गुल्ड आणि गॅलोवे यांच्यासारखे स्वतः निसटून लढायला परत आलेले लोकही होते, हे वाचताना लक्षात असावं.

१८. नकाशात न्यू इनलेट सापडत नाही. गेलं कुठे?

माणसाने बुजवलं. ओल्ड इनलेटची खोली वाढावी म्हणून युद्धानंतर सरकारने दगडांचा लांब बांध घातला. १८८१ मध्ये तो पुरा झाला. फोर्ट फिशरच्या दक्षिणेला तो ‘द रॉक्स’ या नावाने आजही दिसतो. किल्ल्याचीही बरीचशी समुद्राकडची बाजू उरलेली नाही. १९२० च्या दशकात रस्त्यासाठी किनाऱ्यावरचा कोकिना हा शिंपल्यांचा बनलेला खडक काढून नेला आणि लाटांना आडवं काही राहिलं नाही. जमिनीकडची टेकाडं मात्र चढून पाहता येतात.

तिथवर गेलात तर ‘मॉडर्न ग्रीस’ या बोटीतल्या वस्तूही बघा. जून १८६२ मध्ये ती किल्ल्याजवळ रुतून बुडाली आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, वादळाने वाळू हटवल्यावर उघडी पडली. तिच्यातून बंदुका, सुऱ्या, हत्यारं अशा हजारो वस्तू निघाल्या, आणि त्या कामातूनच राज्याचा पाण्याखालचा पुरातत्त्व विभाग उभा राहिला.

१९. १८९८ च्या हत्याकांडाचा युद्धाशी संबंध जोडणं बरोबर आहे का?

माणसांमधून तो जोडलेलाच आहे. युद्धानंतरच्या तीस वर्षांत विल्मिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय नगरसेवक, पोलीस, व्यापारी, वर्तमानपत्र असं सगळं उभं राहिलं. गॅलोवेच्या पिढीने रचलेला पाया होता तो. १० नोव्हेंबर १८९८ ला सशस्त्र गोऱ्या जमावाने ॲलेक्स मॅनली यांच्या ‘डेली रेकॉर्ड’ या वर्तमानपत्राची कचेरी जाळली, कृष्णवर्णीय वस्तीत माणसं मारली आणि निवडून आलेल्या नगरपालिकेला बंदुकीच्या धाकाने राजीनामे द्यायला लावले. मृतांचा आकडा किमान १४ आणि अनेक अभ्यासकांच्या मते ६० च्या पुढे. जमावाचं नेतृत्व करून त्याच दिवशी महापौर झालेले आल्फ्रेड मूर वॉडेल हे यादवी युद्धातले दक्षिणेचे घोडदळ अधिकारी.

शाळेतल्या पुस्तकांत कित्येक दशकं या घटनेला ‘दंगल’ म्हटलं गेलं. राज्य सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००६ मध्ये आला, आणि हा निवडून आलेलं सरकार उलथवण्याचा आखलेला कट होता हे त्यात नोंदवलं गेलं.